गोळी, जेल की पॅच?

कोथरूडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते येथे देत आहे.

“माझे वय ५२. शाळेत शिकवते. पाळी बंद होऊन दीड वर्ष झाले. दिवसातून कितीतरी वेळा अंगातून वाफा निघतात, फळ्यापाशी उभी असताना ब्लाउज घामाने भिजतो आणि रात्री तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हार्मोन उपचार सुचवला. गोळी, जेल आणि पॅच असे पर्याय सांगून ‘विचार करून या’ म्हणाल्या. नणंदेची पिशवी काढलेली आहे, ती गोळी घेते आणि अगदी ठणठणीत आहे. मैत्रीण म्हणते, कातडीखाली पेलेट बसवून घे, सहा महिने बघायला नको. सासूबाईंचे म्हणणे, आमच्या वेळी असले काही नव्हते. मला बरीच वर्षे थायरॉइडची गोळी चालू आहे. वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच, रक्तदाब ठीक. आईला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी झाली होती. चार महिन्यांनी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचे आहे. आणखी एक, लिहिताना संकोच वाटतो, पण संबंधांच्या वेळी कोरडेपणामुळे फार दुखते. त्यासाठी वेगळे औषध घ्यावे लागते का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण वजन, उंची, आईची गुठळी, थायरॉइड आणि प्रवास हे सगळे न विचारता लिहिले, म्हणून मला मोघम बोलावे लागणार नाही. माझे मत आधीच सांगते. आपल्या बाबतीत इस्ट्रोजेन, म्हणजे या उपचारातले मुख्य हार्मोन, तोंडावाटे न घेता त्वचेवाटे घ्यावे, म्हणजे जेल किंवा पॅच (कातडीवर चिकटवायचा औषधाचा तुकडा) यांपैकी एक निवडावे. गर्भाशयाच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री झोपताना घ्यावी, आणि कोरडेपणा त्यानेही गेला नाही, तर योनिमार्गात लावायचे क्रीम वेगळे घ्यावे. पेलेटचा, म्हणजे कातडीखाली बसवायच्या हार्मोनच्या बारीक कांडीचा, विचार सोडून द्यावा. अंतिम निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टर आपल्याला तपासून घेतील. त्यांच्यासमोर बसताना आपण काय आणि का निवडतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे, एवढ्यासाठी पुढचे लिहिते आहे.

गोळीतील इस्ट्रोजेन आतड्यांतून शोषले जाते आणि शरीरात पसरण्यापूर्वी थेट यकृतात जाते. पूर्वी पुण्याच्या हद्दीवर जकात नाका असे आणि माल शहरात येण्याआधी तेथे थांबून जकात भरूनच पुढे जाई, तसाच हा प्रकार आहे. यकृतात औषधाचा बराच भाग खर्ची पडतो, म्हणून गोळीत मात्रा जास्त घालावी लागते. इस्ट्राडायॉल हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. त्याच्या एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीने जे साधते, ते दिवसाला ५० मायक्रोग्रॅम सोडणाऱ्या पॅचने साधारणपणे साधते, यावरून नाक्यावर किती माल राहतो त्याचा अंदाज यावा. मात्र खरा मुद्दा वाया जाणाऱ्या औषधाचा नसून यकृत त्या औषधाला कसा प्रतिसाद देते, हा आहे. एवढे इस्ट्रोजेन एकदम समोर आले की यकृत रक्त गोठवणारे काही घटक अधिक प्रमाणात तयार करू लागते, रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढू शकते, आणि थायरॉइडचे संप्रेरक रक्तात वाहून नेणारे प्रथिनही वाढते. त्वचेतून शिरलेले इस्ट्रोजेन आधी सर्व शरीरात फिरते आणि नेहमीच्या अभिसरणातून थोडेथोडे यकृतापर्यंत पोहोचते, त्यामुळे हे बदल फारसे होत नाहीत.

गुठळीचा प्रश्न येथूनच निघतो. २००२ साली अमेरिकेतील एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली आणि तेव्हापासून हार्मोन म्हटले की बायका आणि पुष्कळदा डॉक्टरही दचकू लागले, हे आपण ऐकले असेल. वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हे तिचे नाव. त्या चाचणीत पायातील किंवा फुप्फुसातील गुठळीचे प्रमाण हार्मोन घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३४ आणि न घेणाऱ्यांत १६ असे आढळले होते. म्हणजे जोखीम दुपटीहून थोडी अधिक, पण मुळात लहान. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्या सगळ्या गोळ्याच घेत होत्या, आणि त्या गोळ्यांतील इस्ट्रोजेन गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेले, तर जोडीचे प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध, कृत्रिम होते. आज पन्नाशीतल्या बाईला जे जेल किंवा पॅच दिले जाते, त्याची परीक्षा त्या चाचणीत झालेलीच नाही. पुढे फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये हजारो स्त्रियांची जी निरीक्षणे झाली, त्यांत गोळी घेणाऱ्यांत गुठळ्या वाढलेल्या दिसल्या, पण नेहमीच्या मात्रेत त्वचेवाटे घेणाऱ्यांत ती वाढ दिसली नाही. ही निरीक्षणे आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे, हे खरे. तरीही वेगवेगळ्या देशांतून तेच चित्र पुन्हा पुन्हा येते आणि यकृताचे कारणही त्याला जुळते, म्हणून ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना गुठळीची जोखीम अधिक असलेल्या स्त्रियांना, ज्यांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या वर असलेल्याही येतात, त्वचेवाटे उपचाराचा विचार करायला सांगतात.

आपल्या वजन-उंचीवरून बीएमआय ३२ च्या पुढे जातो. आईची गुठळी शस्त्रक्रियेनंतर झाली होती, म्हणजे तिला एक उघड कारण होते. काही कारण नसताना कमी वयात झालेल्या गुठळीइतके वजन तिला दिले जात नाही, तरी ती गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर यायला हवी. आजी, मावशी, भावंडे यांच्यापैकी कोणाला असे झाले होते का, हेही घरी विचारून ठेवावे. त्यात मुंबईहून पुढे पंधरा-सोळा तास एका जागी बसून करायचा प्रवास. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर मी कदाचित गोळीलाही हरकत घेतली नसती. तिन्ही एकत्र असताना गोळीचा आग्रह धरण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

थायरॉइडचे कारण याहून लहान आहे, पण ते बहुतेकींच्या लक्षात येत नाही. इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर थायरॉइडचे संप्रेरक धरून ठेवणारे प्रथिन वाढते, मोकळे संप्रेरक कमी पडते, आणि वर्षानुवर्षे एकाच मात्रेवर स्थिर असलेल्या बाईचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतो आहे का हे दाखवणारा रक्तातला आकडा, वर सरकतो. मग थकवा येतो, वजन वाढते, केस गळतात, आणि दोष हार्मोन उपचाराला किंवा वयाला दिला जातो. त्वचेवाटे इस्ट्रोजेन घेतल्यास हा परिणाम सहसा होत नाही. तरीही सुरुवातीनंतर दोन-अडीच महिन्यांनी एकदा टीएसएच तपासून घेण्यात नुकसान नाही. कोणी गोळीच निवडली, तर मात्र ती तपासणी टाळू नये.

आता नणंदबाई. त्यांची पिशवी काढलेली आहे, म्हणून त्यांना नुसते इस्ट्रोजेन पुरते. गर्भाशय असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेतले, तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्यात कर्करोगाची शक्यता वाढते. त्यांच्या गोळ्यांची पट्टी आपण घेऊन चालणार नाही, आणि आपले औषध त्यांना लागणारही नाही. गोळी वाईट आहे असे मात्र मी म्हणत नाही. सडपातळ, रक्तदाब आणि चरबी ताब्यात असलेल्या, गुठळीचा इतिहास नसलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला गोळीमुळे येणारी जोखीम फार थोडी असते. गोळी सहज मिळते, सकाळच्या चहाबरोबर घेऊन विसरता येते आणि पुष्कळ जणींना तीच सोयीची वाटते. टिबोलोन नावाची २.५ मिलिग्रॅमची एक गोळीही आपल्याकडे लिहून दिली जाते. ती तोंडावाटेच घ्यायची असून साठी उलटलेल्या स्त्रियांत तिने पक्षाघाताची जोखीम वाढल्याचे दिसले आहे. आपल्या बाबतीत तिचा विचार मी पुढे नेणार नाही. आणि एक सावधगिरीची गोष्ट: गर्भनिरोधक गोळ्या म्हणजे हा उपचार नव्हे. त्यांपैकी बहुतेकींतले इस्ट्रोजेन वेगळे आणि कितीतरी पट जोरकस असते. ‘हार्मोनच्या गोळ्या’ एवढेच सांगून केमिस्टच्या काउंटरवरून काही आणू नये.

जेल आणि पॅच यांतील निवड मात्र औषधशास्त्रापेक्षा आपल्या दिनक्रमावर ठरते.

सर्वसाधारणपणे मिळणारे जेल ०.०६ टक्के असते. म्हणजे सव्वा ग्रॅम जेलमध्ये ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल. बहुधा तेवढ्यावरच सुरुवात होते आणि गरज पडली तर मात्रा अडीच ग्रॅमपर्यंत नेतात. सव्वा ग्रॅम नेमके किती हे अंदाजाने ठरवू नये. ट्यूबसोबत मापक येतो किंवा पंपाच्या एका दाबाची मात्रा ठरलेली असते, ते पहिल्या दिवशी केमिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून करून दाखवून घ्यावे. जेल कोरड्या, स्वच्छ कातडीवर दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचे. टूथपेस्टसारखा गोळा ठेवून चोळत बसायचे नाही. ते दोन-तीन मिनिटांत सुकते, त्यानंतर हात साबणाने धुवायचे. स्तनांवर ते कधीही लावायचे नाही. लावल्यावर निदान तासभर ती जागा धुवायची नाही. जेलमध्ये अल्कोहोल असते, म्हणून ते सुकेपर्यंत गॅसजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ जाऊ नये.

आपण शाळेत दुचाकीवरून जात असाल, तर पुण्यातल्या बायकांचा तो सगळा सरंजाम, म्हणजे सनकोट, दंडापर्यंतचे हातमोजे आणि डोक्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ, आपल्यालाही चुकला नसेल. सकाळी घाईत दंडाला जेल लावून लगेच वर हातमोजे चढवले, तर औषधाचा काही भाग कापडाला जातो, आणि त्याच जागी सनस्क्रीन चोपडले तर शोषणात फरक पडू शकतो. म्हणून जेल रात्री, जेवण आणि स्वयंपाकघर आवरून झाल्यावर लावावे, आणि ते सुकल्यावर बाहीचा गाउन घालावा. वेळ कोणतीही चालते, फक्त रोज तीच ठेवावी. ट्यूब गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नये. एप्रिलच्या उन्हात डिकीत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

पॅच आठवड्यातून दोनदा, काही प्रकारांत एकदा, बदलायचा असतो. तो पोटाच्या खालच्या भागावर किंवा नितंबावर लावतात. परकराच्या किंवा सलवारीच्या नाडीखाली येणारी जागा टाळावी, कारण नाडीच्या घासण्याने त्याची कड उचलली जाते, तिथे धूळ आणि धागे चिकटतात आणि तिसऱ्या दिवशी तो अर्धा लोंबत असतो. लावताना तळहाताने दहा सेकंद दाबून धरावा, पावडर किंवा तेल लावलेल्या कातडीवर लावू नये, आणि प्रत्येक वेळी जागा बदलावी. आंघोळ आणि पोहणे चालते. कंबर दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी मात्र त्यावर ठेवू नये, कारण उष्णतेने औषध एकदम जास्त शोषले जाऊ शकते. ज्यांना घाम फार येतो त्यांना चिकटपणाचा त्रास होतो. काहींना त्या जागी खाज आणि लाल चट्टे येतात, आणि तसे झाले तर हट्ट न धरता जेलकडे वळावे. आपल्याकडे पॅच प्रत्येक केमिस्टकडे ठेवलेला नसतो, मागवावा लागतो. म्हणून तो निवडण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या दुकानात तो नियमित मिळेल का, हे विचारून घ्यावे. दोन आठवडे पॅच, मग महिनाभर काही नाही, असा उपचार करण्यात अर्थ नाही.

येथवर मी जेलकडे झुकले असते. आपल्या अमेरिकेच्या प्रवासामुळे पारडे बदलते, आणि त्याचे कारण विमान नसून बाळ आहे. आजी बाळाला न्हाऊ घालते कशी, ते डोळ्यांसमोर आणा. पाटावर बसून पाय लांब करायचे, परकर गुडघ्याच्या वर सारायचा, बाळाला पायांवर पालथे घालायचे आणि तेलाच्या हाताने चोळायचे. जेल मांडीला लावले असेल तर बाळाची उघडी कातडी त्याच जागी घासते, आणि दंडाला लावले असेल तर बाळ खांद्यावर घेताना त्याचा गाल तिथेच टेकतो. ही भीती काल्पनिक नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हातावर मारायच्या इस्ट्रोजेन स्प्रेबाबत जाहीर इशारा दिला होता, कारण आई किंवा आजीच्या हातावरचे औषध लागून लहान मुलांत, मुलगे आणि मुली दोघांतही, स्तनांची वाढ दिसली होती. म्हणून तेथील मुक्कामात पॅच अधिक सोयीचा पडेल. जेलच चालू ठेवायचे असेल, तर ते रात्री लावून झाकून झोपावे, सकाळी बाळाला हात लावण्यापूर्वी ती जागा साबणाने धुवावी, आणि रात्री बाळ रडले म्हणून उचलायचे झाले तर बाही खाली ओढूनच उचलावे. ज्या घरात रात्री तीन वेळा बाळ उठते तिथे हा नियम पाळणे किती कठीण आहे, याची मला कल्पना आहे. म्हणूनच पॅच म्हणते.

माझ्या मते आपला क्रम असा असावा: प्रवासाला चार महिने आहेत, तेव्हा उपचार आताच सुरू करावा, जाण्याच्या तोंडावर नव्हे. वाफा आणि घाम पहिल्या काही आठवड्यांतच कमी होऊ लागतात, पण मात्रा पुरेशी आहे की नाही ते ठरवायला तीन महिने द्यावे लागतात. सुरुवातीला स्तन हुळहुळणे, थोडे डाग पडणे असे त्रासही याच काळात होतात. हे सगळे पुण्यात, आपल्या डॉक्टरांच्या हाताखाली व्हावे. पॅच सहज मिळत असेल तर पहिल्यापासून तोच घ्यावा. मिळायला अडचण असेल तर जेलने सुरू करून जाण्याच्या महिनाभर आधी पॅच लावून पाहावा, म्हणजे कातडीला तो सोसतो का ते येथेच कळेल.

प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत पर्याय कमी आहेत आणि गैरसमज जास्त. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री, हा आपल्यासारख्या पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या स्त्रीसाठी नेहमीचा मार्ग आहे. पाळी अजून अधूनमधून येत असेल, तर तीच महिन्यातून १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम देतात. तिने गुंगी येते, म्हणून ती झोपतानाच घ्यायची. रात्री तीनला जागणाऱ्या बाईला हा दुष्परिणाम पथ्यावर पडतो, असे पुष्कळ जणी सांगतात. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, तेव्हा दाण्याची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. ही कॅप्सूल सोसली नाही, फार सुस्ती आली किंवा मन खिन्न राहू लागले, तर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल या कृत्रिम प्रोजेस्टिनची हार्मोनयुक्त तांबी गर्भाशयात बसवता येते. ती पाच वर्षे अस्तराचे रक्षण करते आणि रोजच्या गोळीची आठवण ठेवावी लागत नाही. इस्ट्रोजेन त्वचेवाटे जाते तर प्रोजेस्टेरॉनही क्रीमने का जाऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. पण तशा क्रीममधून अस्तर सुरक्षित राहील इतके प्रोजेस्टेरॉन खात्रीने पोहोचत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. आणि ‘वाफा थांबल्या, आता ही कॅप्सूल कशाला’ म्हणून ती परस्पर बंद करू नये. वाफा इस्ट्रोजेनने थांबतात, पिशवी या कॅप्सूलने सांभाळली जाते. मला वाटणारी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे, कारण जेल चालू ठेवून कॅप्सूल सोडणाऱ्या बायका कमी नाहीत.

मैत्रिणीच्या पेलेटबद्दल थोडक्यात लिहिते. ‘सहा महिने बघायला नको’ हाच त्यातला दोष आहे. मात्रा जास्त झाली, स्तन दुखू लागले, रक्तस्राव सुरू झाला, तर जेल उद्यापासून बंद करता येते आणि पॅच आत्ता काढून टाकता येतो. कातडीखाली गेलेले पेलेट काढणे सोपे नसते. ‘नैसर्गिक’, ‘आपल्यासाठी खास बनवलेले’ अशी विशेषणे लावून विकले जाणारे मिश्रण प्रत्येक वेळी त्याच ताकदीचे असेल याची हमी नसते. जेल आणि पॅचमधील इस्ट्राडायॉल आणि वर सांगितलेले प्रोजेस्टेरॉन हे आपल्या बीजकोशातून येणाऱ्या संप्रेरकांसारखेच असते. त्या नावासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही.

ज्या गोष्टीसाठी आपण संकोचाने एकच ओळ लिहिली, तिचे उत्तर सर्वांत सोपे आहे, आणि डॉक्टरांना ती सांगितल्याशिवाय मात्र ते मिळणार नाही. रजोनिवृत्तीनंतर योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, जळजळ होते, काहींना वारंवार लघवीचा संसर्ग होतो. त्यासाठी इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचे क्रीम किंवा इस्ट्राडायॉलची छोटी गोळी योनिमार्गात ठेवतात. सुरुवातीचे दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. या मात्रेत औषध रक्तात नगण्य प्रमाणात जाते, त्यामुळे केवळ यासाठी प्रोजेस्टेरॉन घ्यावे लागत नाही, आणि गुठळीची काळजीही नसते. खोक्यातील कागदावर लिहिलेले भयंकर इशारे बहुतेक सर्वांगी उपचाराच्या अनुभवावरून आलेले आहेत, ते वाचून क्रीम कपाटात ठेवून देऊ नये. जेल किंवा पॅचने हा त्रास काहींचा जातो, पुष्कळ जणींचा जात नाही, आणि दोन्ही एकत्र घ्यायला हरकत नसते. तोवर पाण्यावर आधारित वंगण वापरता येईल. हा त्रास वाफांसारखा काही वर्षांनी आपोआप ओसरत नाही, उलट वाढतो, म्हणून तो सोसत बसू नका.

स्तनाच्या कर्करोगाबद्दल आपण विचारले नाही, पण ते मनात असणार. त्याच २००२ च्या चाचणीत हार्मोन घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांत वर्षाला ३८ आणि न घेणाऱ्यांत ३० जणींना तो झाला. जेल आणि पॅचने गुठळीची जोखीम टळते, म्हणून हीसुद्धा टळते, असे समजू नये. ती इस्ट्रोजेनच्या वाटेवर फारशी अवलंबून नसते, तर सोबत कोणते प्रोजेस्टेरॉन आणि किती वर्षे यावर असते. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन त्या बाबतीत बरे असावे असे निरीक्षणांतून दिसते, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. मॅमोग्राफी, रक्तदाब आणि एक वार्षिक भेट ठरवून टाकावी आणि उपचार पुढे चालू ठेवायचा की नाही ते त्या भेटीत ठरवावे. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे, कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, यकृताचा सक्रिय आजार आहे किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हे पत्र नाही. त्वचेवाटे घेतले म्हणून त्यांना ते चालते असे नाही.

सासूबाईंना काय सांगायचे ते आपण माझ्याहून चांगले जाणता. एवढे मात्र खरे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी उपचार सुरू केला, तर बहुतेक निरोगी स्त्रियांत फायद्याचे पारडे जड राहते, आणि हाडांनाही त्याचा उपयोग होतो. आपण त्या मुदतीत आहात.

डॉक्टरांकडे जाताना आईच्या गुठळीचे वर्ष आणि कारण, थायरॉइडचा शेवटचा अहवाल आणि चालू औषधांची यादी न्यावी. एफएसएचची, म्हणजे पाळी गेली का हे पाहण्यासाठी केली जाणारी रक्ताची तपासणी कोणी सुचवलीच, तर आपल्या वयाला आणि लक्षणांना तिची गरज आहे का, हे विचारावे. सहसा नसते. जेल लावूनही तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर मात्र रक्तातील इस्ट्राडायॉल पाहतात, कारण काहींच्या कातडीतून ते नीट शोषले जात नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत थोडे डाग पडणे चालते. त्यानंतर झालेला, किंवा मध्ये थांबून पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव सोनोग्राफी करून तपासावाच लागतो, मग आपण कोठेही असा.

विमानात दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारावी, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत, आणि पाणी प्यावे. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, किंवा अचानक धाप आणि छातीत दुखणे यांपैकी काही झाले, तर मुलीला बाळाच्या गडबडीत कशाला त्रास, असा विचार न करता लगेच सांगावे. औषधे सामानाच्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत, जेलची ट्यूब १०० मिलिलिटरच्या आतली असावी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्यावी, कारण तेथील दुकानात आपल्याकडच्या नावाने काहीच ओळखले जाणार नाही.